गुडघ्याखालचा उंचवटा



गेल्या पर्युषणातील गोष्ट आहे. पावसामुळे त्या दिवशी आम्ही सर्वांनी घरीच प्रतिक्रमण केले. माझी नात माझ्या शेजारच्या कटासण्यावर होती. वय वर्षे साडेअकरा; शाळेच्या खो-खो संघातील चपळ खेळाडू म्हणून तिचे नाव झालेले. खमासमण देताना गुडघे भूमीला टेकताच तिच्या तोंडून अस्फुट उद्गार निघाला आणि तिने उजवा गुडघा चटकन बाजूला घेतला. मी तिला डोळ्यांनीच दटावले. नंतर ती म्हणाली, "दादाजी, गुडघा नाही दुखत, गुडघ्याच्या खाली दुखतं. जिना चढतानाही दुखतं." त्यावर मी उत्तरलो, "परीक्षा जवळ आली की तुझे काही ना काही दुखतेच."

हे वाक्य येथे लिहिताना मला संकोच वाटतो. कारण माझ्या स्वतःच्या डाव्या गुडघ्याखाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी, सुपारीएवढा टणक उंचवटा आहे. तेराव्या वर्षी शाळेत कबड्डी खेळताना तो आला. आमचे आडतीचे दुकान होते. शाळा सुटल्यावर गादीवर बसणे चुकवण्यासाठी मी पाय दुखण्याचे निमित्त करतो, असे वडिलांचे ठाम मत होते. एका हाड बसवणाऱ्या गृहस्थांनी 'सरकलेले हाड' जागेवर आणण्यासाठी तो उंचवटा अंगठ्याने असा काही दाबला की, मी किंचाळलो. दुखणे पुढे दोनेक वर्षांत आपोआप गेले, उंचवटा तेवढा राहिला. आजही कठीण फरशीवर गुडघे टेकताना मी नकळत भार उजवीकडे घेतो. जे माझ्या वाट्याला आले होते, तेच बोलणे मी नातीला ऐकवले!

आठ दिवसांनी सूनबाईंनी तिला अस्थिरोगतज्ज्ञांकडे नेले, तेव्हा मीही सोबत गेलो. डॉक्टरांनी तिला एवढेच सांगितले की, दुखते ती जागा एका बोटाने दाखव. तिने क्षणाचाही विलंब न लावता नेमकी ती जागा दाखवली. मग त्यांनी तिला उकिडवे बसवले, पाय सरळ करताना हाताने विरोध करून पाहिला आणि खुब्याचा सांधाही सर्व बाजूंनी फिरवून पाहिला. दुखते गुडघ्याखाली आणि तपासतात खुबा, हे मला चमत्कारिक वाटले. त्यांनी उलगडा केला की, या वयात खुब्याच्या हाडाचे काही गंभीर दोष गुडघ्याच्या वेदनेचे रूप घेऊन येतात. म्हणून खुबा पाहिल्याशिवाय मुलांचा गुडघा तपासून झाला असे म्हणू नये.

निदान झाले ऑसगुड-श्लाटर. बोस्टनचे रॉबर्ट ऑसगुड आणि झुरिकचे कार्ल श्लाटर या दोन शल्यविशारदांनी १९०३ मध्ये स्वतंत्रपणे या विकाराचे वर्णन केले, म्हणून दोघांचीही नावे जोडली गेली. नावाच्या शेवटी इंग्रजीत 'डिसीज' हा शब्द येतो. तो मोबाइलवर वाचून माझे चिरंजीव त्या रात्री झोपले नाहीत. प्रत्यक्षात हा जंतूंचा विकार नाही, संधिवात नाही, आणि हाड 'सरकलेले' तर मुळीच नाही.

मांडीच्या पुढील भागातील बलदंड स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून खाली येतो आणि जाड कंडऱ्याने नडगीच्या वरच्या टोकावरील एका लहानशा उंचवट्याला जोडला जातो. प्रौढांत ती जागा पक्क्या हाडाची असते. वाढत्या मुलांत मात्र तेथे अजून कूर्चा असते. ओल्या भिंतीत खिळा ठोकावा तशी अवस्था. त्यातच उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात हाडे पुढे धावतात आणि स्नायू मागे राहून ताठ होतात, असे मानले जाते. अशा वेळी उडी, धाव, एकदम थांबणे, उकिडवे बसून झटकन उठणे असे प्रकार दिवसात शेकडो वेळा घडले, तर प्रत्येक वेळी तो कच्चा भाग ओढला जातो, सुजतो, दुखतो. मुलींमध्ये हे साधारण आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान, मुलांमध्ये दहा ते पंधराच्या दरम्यान दिसते. काहींचे दोन्ही पाय दुखतात.

खो-खोत आठ पाठलागकर्ते पाटीवर दबा धरून बसलेले असतात आणि 'खो' मिळताच उसळतात. खुंटावरची झेप ती वेगळीच. म्हणजे या विकाराला हवे ते सर्व या खेळात आहे. फुटबॉल, बास्केटबॉल, जिम्नॅस्टिक्स आणि नृत्य यांतही तेच. आमच्याकडे तर शाळेचा सराव आठवड्यातून सहा दिवस, शिवाय रविवारी बाहेरचा वर्ग, आणि प्रत्येक सरावाआधी क्रीडाशिक्षकांच्या आज्ञेने शंभर उठाबशा व मैदानभर बदकचाल. मी सवयीने कागदावर मांडणी केली, तेव्हा आठवड्यात विश्रांतीचा असा एकही वार निघेना.

आजीने "वाढीचे दुखणे आहे, तेल लाव" असे म्हटले होते. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. लहान मुलांचे पाय रात्री दुखतात, दोन्ही दुखतात, बोट ठेवून जागा सांगता येत नाही, आणि सकाळी मूल पूर्ववत बागडते, ते निराळे. येथे वेदना खेळाशी बांधलेली असते आणि तिची जागा ठरलेली असते. तेल हलक्या हाताने मांडीला चोळण्यास कोणाची हरकत नाही. उंचवट्यावर मात्र दाबू नये, आणि हाड बसवणाऱ्याकडे तर नेऊच नये.

सर्वात कठीण प्रश्न खेळाचा होता. चिरंजीवांचे म्हणणे, खेळ कायमचा बंद. क्रीडाशिक्षकांचे म्हणणे, दुखणे अंगावर काढल्याशिवाय खेळाडू घडत नाही. जिल्हा निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. डॉक्टरांचे म्हणणे दोघांनाही न पटणारे, पण मला बँकेतील नोकरीमुळे चटकन समजले. व्यापारी वाचकांना कॅश क्रेडिट खाते समजावून सांगायला नको. मर्यादा दहा लाखांची मंजूर असली, तरी स्टॉक स्टेटमेंट पाहून ड्रॉइंग पॉवर ठरते. ज्या महिन्यात माल कमी, त्या महिन्यात उचल कमी. खाते बंद कोणी करत नाही, पण जास्त उचलही देत नाही. तिच्या गुडघ्याचे स्टेटमेंट म्हणजे वेदनेचा दहापैकी अंक. दोन-तीनपर्यंत दुखले आणि दुसऱ्या सकाळी निवले, तर चालेल. त्याहून अधिक झाले, किंवा ती लंगडू लागली, तर पुढील दिवसांचा खेळ कमी.

त्यानुसार पहिले चार आठवडे धावणे व उड्या जवळजवळ बंद, उठाबशा व बदकचाल पूर्ण बंद. त्या काळात पाय सरळ ठेवून मांडीचे स्नायू आवळून धरणे, मांडीच्या पुढच्या व मागच्या स्नायूंना हळुवार ताण देणे. पुढे भिंतीला पाठ टेकून अर्धे बसणे, मग क्रमाक्रमाने अधिक भार. खेळानंतर दुखल्यास कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे. थेट त्वचेवर नाही. वेदनाशामक गोळी लागलीच तर डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेल्या मात्रेत, थोडे दिवस. सामन्याआधी गोळी देऊन मुलाला मैदानात उतरवणे म्हणजे धोक्याची घंटा काढून ठेवणे होय. उंचवट्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊ नये, असेही डॉक्टरांनी बजावले. शस्त्रक्रियेची वेळ क्वचित येते, तीही बहुधा वाढ पूर्ण झाल्यावर.

डेन्मार्कमध्ये अशाच बारा आठवड्यांच्या कार्यक्रमाचा अभ्यास ५१ मुलांवर झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनी सुमारे ८० टक्के मुलांनी आपल्याला बरे वाटते असे सांगितले. पूर्ण खेळात मात्र तोवर थोडीच परतली होती. हा दुसरा भाग मी मुद्दाम सांगतो. बरे वाटणे आणि सामना खेळण्याजोगे होणे यांत कित्येक महिन्यांचे अंतर असू शकते, आणि नेमक्या त्याच अंतरात घरचे व शाळेचे लोक धीर सोडतात.

नातेवाइकांपैकी कोणी कोलॅजनची भुकटी सुचवली. ती प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनते, त्यामुळे आपल्या घरांत तो विषय तेथेच संपला. कॅल्शियमच्या गोळ्याही डॉक्टरांनी दिल्या नाहीत, कारण हा विकार कॅल्शियमच्या उणिवेने होत नाही. दूध, डाळी, ऊन हे वाढत्या वयाला हवेच, पण त्यांचा उपचार म्हणून गाजावाजा नको.

काही लक्षणे दिसली तर मात्र 'वाढीचे आहे, जाईल' असे म्हणत बसू नये. विश्रांती घेतानाही किंवा रात्री झोपेतून उठवणारी वेदना, ताप, सांधा गरम होऊन सुजणे, उतरते वजन, जांघेत दुखणे वा पाय बाहेर वळवून लंगडणे. आणि उडी मारताना एकदम कळ येऊन पाय सरळच करता न येणे. या शेवटच्या प्रसंगी कच्चे हाड तुटून निघाल्याची शक्यता असते, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

निवड चाचणीच्या दिवशी ती मैदानाच्या कडेला बसून होती. तिची जागा वर्गातील मैत्रिणीला मिळाली. घरी आल्यावर ती बराच वेळ रडली, आणि त्या वेळी मला सांगण्यासारखे काहीही सुचले नाही. मी आपली पायजम्याची विजार वर करून माझा उंचवटा तिला दाखवला. तिने तो बोटाने चाचपला, मग स्वतःचा चाचपला, आणि विचारले, "तुमचा कधी दुखायचा थांबला?" मी खरे ते सांगितले, दोन वर्षे लागली, पण मला कोणी व्यायाम सांगितले नव्हते आणि कोणी विश्रांतीही दिली नव्हती.

क्रीडाशिक्षकांना मी एक पत्र लिहिले, मंजुरीपत्रासारखेच, अटी व शर्तींसह. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. ते प्रथम रुष्ट झाले, पण आता संघातील इतर मुलींच्याही बदकचाली बंद झाल्या आहेत असे कळते. जानेवारीपासून ती आठवड्यातून तीन दिवस सरावाला जाते. खुंटावरची झेप उन्हाळी सुटीनंतर सुरू झाली. अधूनमधून दुखते, दुखले की, ती स्वतःच अंक सांगते आणि दोन दिवस थांबते. उंचवटा आहे तसाच आहे, तो कदाचित माझ्यासारखाच राहील.

पर्युषण पुन्हा जवळ आले आहे. तिने जुने कटासणे काढून त्याची चौपदरी घडी करून ठेवली आहे, गुडघ्याखाली घ्यायला. दुसरी एक घडी माझ्या जागेवर ठेवली आहे.