एका वर्षाच्या निकालांचा ताळेबंद

१९९१ साली बास्केटबॉलच्या प्रमुख स्पर्धा कोणी जिंकल्या, ह्याची यादी सात-आठ ओळींत मावते. एप्रिलमध्ये इंडियानापोलिस येथे अमेरिकन विद्यापीठांच्या अंतिम सामन्यात ड्यूकने कॅन्ससला ७२–६५ असे हरविले. त्याच महिन्यात पॅरिसला युरोपीय क्लबांचे विजेतेपद युगोस्लाव्हियातील स्प्लित ह्या शहराच्या संघाने बार्सेलोनावर ७०–६५ अशी मात करून राखले. जूनमध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एन.बी.ए.मध्ये, शिकागो बुल्सने लॉस एंजेलिस लेकर्सला चार विरुद्ध एक सामन्यांनी नमविले. जूनच्याच अखेरीस रोम येथे युगोस्लाव्हियाचा राष्ट्रीय संघ इटलीला ८८–७३ असे हरवून युरोपचा विजेता ठरला, तर महिलांचे युरोपीय अजिंक्यपद सोव्हिएत संघाने पटकाविले. ऑगस्टमध्ये हवाना येथील पॅन-अमेरिकन स्पर्धेत पोर्तो रिकोच्या पुरुषांनी आणि ब्राझीलच्या महिलांनी सुवर्णपदके मिळविली. आशियाचे अजिंक्यपद कोबे येथे चीनने जिंकले.

ह्या यादीतील दोन विजेत्यांचे वैशिष्ट्य असे की, ज्या राष्ट्रांच्या नावाने ते खेळले ती राष्ट्रे पुढील वर्ष संपण्यापूर्वीच जगाच्या नकाशावरून नाहीशी झाली होती. एवढ्या एका कारणानेही ही यादी पुन्हा एकदा वाचण्याजोगी आहे. निकालाचे कोष्टक कोण जिंकले तेवढेच सांगते. खेळाडू घडविण्याचा खर्च कोणी सोसला, त्याच्या कौशल्यातून निर्माण झालेले उत्पन्न कोणाच्या हाती गेले, आणि ह्या दोहोंचा निर्णय कोणी केला, हे तीन प्रश्न कोष्टकात उमटत नाहीत. कोणत्याही उत्पादनव्यवस्थेला अर्थशास्त्र हेच प्रश्न विचारते. खेळाला ते विचारू नयेत असे काही नाही. उलट, खेळात श्रम आणि श्रमिक ह्यांची फारकत करता येत नसल्याने तेथे उत्तरे अधिक स्वच्छ मिळतात.

आरंभ स्प्लितपासून करणे योग्य होईल. आड्रियाटिक समुद्राच्या काठी वसलेल्या ह्या बंदराच्या संघाने १९८९ साली म्युनिकला मक्काबी तेल अवीवचा ७५–६९ असा, आणि १९९० साली झारागोझाला बार्सेलोनाचा ७२–६७ असा पराभव केला होता. पॅरिसचे विजेतेपद सलग तिसरे. त्यानंतर आजवर कोणत्याही क्लबला ही कामगिरी साधलेली नाही. त्या वर्षी संघाच्या नावात ‘पॉप ८४’ हे प्रायोजकाचे नाव आलेले असले, तरी जग त्याला युगोप्लास्तिका म्हणूनच ओळखत होते. युगोप्लास्तिका हा स्प्लितमधील प्लास्टिकच्या वस्तू बनविणारा मोठा कारखाना. क्लबाला नाव आणि आधार ह्या कारखान्याचा होता.

हा कारखाना खाजगी मालकाचा नव्हता, आणि रूढ अर्थाने सरकारी खात्याचाही नव्हता. १९५० सालच्या कायद्याने युगोस्लाव्हियाने कामगारांच्या स्वयंव्यवस्थापनाचा जो प्रयोग आरंभिला, त्याच्या चौकटीत तो चालत होता. भारतातील समाजवादी चळवळीतही ह्या प्रयोगाची एके काळी बरीच चर्चा झाली. कारखान्याच्या उत्पन्नाचा काही भाग वेतनाव्यतिरिक्त सामुदायिक उपभोगासाठी, म्हणजे घरे, विश्रामस्थाने, क्रीडा ह्यांसाठी राखून ठेवणे ह्या व्यवस्थेत स्वाभाविक मानले जाई. टोनी कुकोच आणि दिनो राद्जा हे त्या संघाचे दोन मोठे खेळाडू स्प्लितमध्येच जन्मले आणि तेथेच घडले.

ह्या संघाची खरी पुंजी कोणती होती, हे पॅरिसच्या सामन्याने दाखवून दिले. १९९० च्या विजयानंतर प्रशिक्षक बोझिदार माल्कोविच ह्यांना बार्सेलोनाने नेले, राद्जाला रोमच्या क्लबाने नेले. म्हणजे पॅरिसला हरलेल्या बाजूच्या बाकावर बसलेला प्रशिक्षक आदल्या दोन वर्षांच्या विजयांचा शिल्पकार होता. श्रीमंत क्लबाने माणूस विकत घेतला. तरीही जिंकला तो मागे राहिलेला संघच. लहान मुलांपासून वरिष्ठ संघापर्यंतची शिकवण्याची अखंड परंपरा कोणाही एका व्यक्तीबरोबर निघून जात नाही. ती संस्थेची असते, आणि संस्था उभी आहे तोवर टिकते. पुढे संस्थेखालची जमीनच खचली, तेव्हा मात्र ही परंपराही तग धरू शकली नाही.

जमीन खचत होती ती रोमच्या स्पर्धेच्या आठवड्यातच. युगोस्लाव्हियाचा हा राष्ट्रीय संघ १९८९ चा युरोपविजेता आणि १९९० चा जगज्जेता होता. स्पर्धा चालू असताना, २५ जून १९९१ रोजी स्लोव्हेनिया व क्रोएशिया ह्यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. दोन दिवसांनी स्लोव्हेनियात लष्कराशी चकमकी सुरू झाल्या. युरे झ्दोव्त्स हा स्लोव्हेनियन खेळाडू आपल्या सरकारच्या सूचनेवरून उपांत्य सामन्यापूर्वी संघाबाहेर पडला. उरलेल्यांनी, म्हणजे क्रोएशियाच्या कुकोच व राद्जा ह्यांनी आणि सर्बियाच्या व्लादे दिवात्स प्रभृतींनी, २९ जूनला एकत्र अंतिम सामना जिंकला. ह्या माणसांनी एका ध्वजाखाली खेळण्याची ती शेवटची वेळ. पुढल्या हंगामात स्प्लित, झाग्रेब आणि बेलग्रेड ह्या तीन शहरांचे क्लब युरोपीय स्पर्धेतील आपले ‘घरचे’ सामने युद्धामुळे स्पेनमध्ये खेळत होते. बेलग्रेडच्या पार्टिझान संघाने १९९२ चे विजेतेपद असे परक्या गावात राहूनच मिळविले. युद्धाने परस्परांचे शत्रू ठरविलेल्या शहरांची मुले एकाच परक्या देशाच्या आश्रयाला जातात, ह्याहून राष्ट्रवादाच्या उन्मादावर तिखट भाष्य कोणते असणार?

आता अमेरिकेकडे वळू. १९९१ च्या जूनमध्ये मायकेल जॉर्डनच्या शिकागोने पहिले विजेतेपद मिळविले. एन.बी.सी. ह्या दूरचित्रवाणी कंपनीने चार वर्षांसाठी ६० कोटी डॉलर मोजून सामने दाखविण्याचे हक्क घेतले होते, त्या कराराचा हा पहिलाच हंगाम. बाजाराची ही झळाळी सर्वांना दिसते. तिच्याआड असलेली कामगार संघटना बहुधा दिसत नाही. एन.बी.ए.च्या खेळाडूंची संघटना १९५४ साली स्थापन झाली. १९६४ साली बोस्टनमध्ये निवडक खेळाडूंचा प्रदर्शनीय सामना दूरचित्रवाणीवर दाखविला जावयाचा होता. निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळेपर्यंत खेळाडूंनी मैदानात उतरण्यास नकार दिला, आणि मालकांना आश्वासन द्यावे लागले. १९८३ च्या सामूहिक कराराने लीगच्या ढोबळ उत्पन्नातील ५३ टक्के वाटा खेळाडूंना देण्याचे ठरले. बाजाराच्या औदार्याचे म्हणून जे कौतुक केले जाते, ते असे संपाच्या धमकीतून आणि वाटाघाटींच्या टेबलावरून आलेले आहे.

तथापि ह्या न्यायालाही मर्यादा आहेत. ५३ टक्क्यांचा वाटा मैदानापर्यंत पोहोचलेल्या काही शे खेळाडूंचा. त्यांना घडविणाऱ्यांना त्यात स्थान नाही. शिकागोने हरविलेल्या लेकर्स संघात दिवात्स खेळत होता. १९८९ साली तो अमेरिकेत गेला तेव्हा तयार खेळाडू होता. त्याचे सारे शिक्षण युगोस्लाव्ह क्लबांतून झालेले होते. कुकोचला शिकागोने १९९० सालीच आपल्या यादीत घालून ठेविले होते. इटलीमार्गे १९९३ साली तो तेथे पोहोचला. फळ पिकल्यावर ते खुडण्याचा हक्क ज्याच्याकडे आहे, त्याच्यावर झाडाला पाणी घालण्याची जबाबदारी असू नये, अशी ही व्यवस्था होय.

ह्याच अमेरिकेत, त्याच वर्षी, दुसरी एक व्यवस्था नांदत होती. ड्यूकने उपांत्य सामन्यात, तोवर एकही सामना न हरलेल्या लास व्हेगासच्या नेवाडा विद्यापीठाला ७९–७७ असे चकित केले. आदल्या वर्षी ह्याच संघाकडून ड्यूक ३० गुणांनी हरला होता. असा हा नाट्यपूर्ण खेळ दाखविण्यासाठी सी.बी.एस. कंपनीने सात वर्षांचे १०० कोटी डॉलर मोजले, आणि त्या करारातील पहिली स्पर्धा १९९१ चीच होती. खेळाडूंना काय मिळाले? शिष्यवृत्ती. प्रशिक्षकांचे पगार, विद्यापीठांचे उत्पन्न, कंपन्यांच्या जाहिराती, सर्व काही बाजारभावाने. केवळ खेळणाऱ्याचे श्रम ‘हौशी’. मुक्त बाजाराचा जयघोष करणाऱ्या देशात मजुराला मजुरी मागण्याची बंदी होती, आणि तिला चारित्र्यसंवर्धन असे गोंडस नाव होते. २०२१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ह्या नियमांविरुद्ध एकमताने निर्णय दिला. त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नावावर व प्रतिमेवर पैसे मिळविण्याची मुभा मिळाली. आणि विद्यापीठांनी खेळाडूंना थेट मोबदला देण्याचा मार्ग २०२५ साली न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने मोकळा झाला. १९९१ च्या खेळाडूंची मुले वयात येईपर्यंत न्यायाला वेळ लागला.

महिलांच्या निकालांची कथा आणखी निराळी. १९५० पासून १९९१ पर्यंत सोव्हिएत महिलांनी युरोपचे अजिंक्यपद एकवीस वेळा जिंकले; ह्या काळात १९५८ चा अपवाद वगळता ते कधी दुसऱ्याकडे गेले नाही. १९९१ चे विजेतेपद सोव्हिएत ध्वजाखालचे अखेरचे. डिसेंबरात ते राष्ट्रच विसर्जित झाले. तरीही १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये ‘संयुक्त संघ’ ह्या तात्पुरत्या नावाखाली ह्याच परंपरेतील खेळाडूंनी सुवर्णपदक मिळविले. राष्ट्र संपले तरी त्याने केलेली गुंतवणूक काही काळ व्याज देत राहते, ह्याचा हा पुरावा. हवानामध्ये ब्राझीलच्या महिलांनी यजमान क्यूबाला अंतिम सामन्यात हरविले, आणि ऑर्तेन्सिया व पावला ह्या विजयी खेळाडूंना पदके देण्यास स्वतः फिदेल कॅस्ट्रो उभे होते. महिलांच्या खेळात अमेरिकन बाजाराला मात्र तेव्हा स्वारस्य नव्हते. तेथील उत्तमोत्तम महिला खेळाडूंना उपजीविकेसाठी इटली-जपानमध्ये जावे लागे. त्यांची आजची व्यावसायिक लीग १९९७ साली सुरू झाली. बाजार स्त्रीच्या कौशल्याला मोल देतो, परंतु आधी कोणीतरी ते कौशल्य आणि त्याचा प्रेक्षक तयार करून द्यावा लागतो.

ह्या साऱ्यावरून युगोस्लाव्ह वा सोव्हिएत व्यवस्थेचे गोडवे गावेत असा निष्कर्ष निघत नाही. तसे करणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे होईल. १९८० च्या दशकात युगोस्लाव्हियावर सुमारे २,००० कोटी डॉलरचे परकीय कर्ज होते. १९८९ साली महागाईचा वार्षिक दर हजार टक्क्यांच्या वर गेला होता. कामगार परिषदा कागदावर सार्वभौम होत्या, पण एका पक्षाच्या सत्तेपुढे त्यांचे सार्वभौमत्व अनेकदा औपचारिकच राहिले. खेळाडूला विशिष्ट वय होईपर्यंत परदेशी क्लबाकडून खेळण्यास मनाई होती. श्रमिकाला एका ठिकाणी बांधून ठेवणे हा समाजवाद नव्हे. कुकोच आणि राद्जा परदेशी गेले ह्यात त्यांचा काडीचाही अपराध नाही. खेळाडूचे आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे, त्याने आपल्या श्रमाचे योग्य मोल मागणे न्याय्यच होते. चूक होती ती अशा व्यवस्थेची, जिच्यापाशी माणूस बांधून ठेवणे वा फुकट गमावणे ह्यांखेरीज तिसरा मार्ग नव्हता.

असा तिसरा मार्ग अशक्य नाही. फुटबॉलमध्ये २००१ पासून नियम आहे की, करार चालू असताना खेळाडू दुसऱ्या क्लबाकडे गेला, तर त्याच्या हस्तांतरशुल्काचा ५ टक्क्यांपर्यंत भाग, बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत त्याला घडविणाऱ्या क्लबांत वाटला जावा. रक्कम अपुरी आहे, अंमलबजावणीत पळवाटा आहेत. पण तत्त्व मान्य झाले आहे. खेळाडू स्वतंत्र, आणि तरीही त्याला घडविणाऱ्या समाजाचा त्याच्या मोलात वाटा. स्वातंत्र्य आणि सामाजिक ऋण ह्यांत विरोध आहे, असे भासविणाऱ्यांना हे एक साधे उत्तर आहे.

स्प्लितचा तो कारखाना १९९० नंतरच्या मालकीबदलाच्या काळात मोडीत निघाला. कारखाने मोडीत निघताना त्यांचा ताळेबंद मांडला जातो. यंत्रे, जमीन, माल, देणी, सर्वांची किंमत होते. त्या ताळेबंदात क्लबाच्या शाळेची, संध्याकाळी सरावाला येणाऱ्या मुलांची, तीन युरोपीय विजेतेपदांची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची असते? अशी नोंद नसते म्हणूनच सार्वजनिक संस्था ‘तोट्यात’ दिसतात, आणि त्या विकून टाकण्याचा सल्ला देणारे व्यवहारी ठरतात. तोट्यातील हिशेब खोटा असतो असे नव्हे. तो अपुरा असतो. उत्पन्नाची बाजू लिहिताना समाजाला जे मिळाले ते गाळलेले असते.

१९९१ च्या निकालांतून कार्यकर्त्यांनी घ्यावयाचा धडा हाच. एखादी शाळा, रुग्णालय, वाचनालय वा मैदान बंद करण्याचा प्रस्ताव येईल तेव्हा केवळ भावनेच्या बळावर त्याचा प्रतिकार टिकणार नाही. घडविण्याचा खर्च कोण करतो, उत्पन्न कोण नेतो, निर्णय कोण करतो, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे आकड्यांनिशी मांडावी लागतील. त्याचबरोबर आपल्या ताब्यातील संस्थांत निर्णय खरोखरच सर्वांच्या हाती आहे काय, हेही तितक्याच कठोरपणे तपासावे लागेल. युगोस्लाव्हियाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर चांगले दिले आणि तिसऱ्याचे टाळले. त्या टाळण्याची किंमत पुढे त्याच्या खेळाडूंना आणि त्यांच्याहून कितीतरी अधिक त्याच्या सामान्य नागरिकांना मोजावी लागली.