पत्ता बदलला, पेढी तीच

तासगावच्या बेदाणा व्यापारात पेढी, गोदाम आणि शीतगृह यांची गाठ आता वहीइतकीच संगणकाच्या जाळ्यानेही बांधलेली असते. सौद्याच्या दिवशी बिले आणि बँकेचे व्यवहार याच जाळ्यावरून होतात. माडीवर, मागच्या गोदामात बसवलेली वाय-फायची यंत्रे एका कंट्रोलरच्या आज्ञेत चालतात. इंटरनेट पुरवणारी कंपनी बदलते, नवा राउटर येतो, त्याच्याशी जुळावे म्हणून कंट्रोलरचा आयपी पत्ता बदलला जातो. आणि दुसऱ्याच क्षणी कंट्रोलर उघडेनासा होतो.

अशा वेळी हात प्रथम रिसेटच्या बटणाकडे जातो. तेवढे मात्र टाळावे. त्या एका दाबाने सर्व नावे, पासवर्ड आणि मांडणी पुसली जाते. वस्तुतः बिघाड काहीच झालेला नसतो. बहुतेक प्रणालींत कंट्रोलर भेटला नाही तरी वाय-फाय पूर्वीच्या मांडणीवर चालूच राहते. म्हणजे शांतपणे शोध घेण्यास अवकाश असतो.

घर-दुकानांच्या आतील वापरासाठी जे पत्ते राखून ठेवलेले आहेत, त्यांत १९२.१६८ ने आरंभ होणारे पत्ते सर्वांत परिचित. सामान्यतः पहिले तीन आकडे म्हणजे गल्ली आणि चौथा म्हणजे घर. कंट्रोलर १९२.१६८.५.१० वर गेला आणि संगणक १९२.१६८.१ च्या गल्लीतच राहिला, तर दोघे एकाच तारेवर असूनही एकमेकांस भेटत नाहीत.

शोधाची पहिली जागा राउटरमधील जोडलेल्या उपकरणांची यादी. कंट्रोलरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर मॅक पत्ता छापलेला असतो. आयपी बदलला तरी तो बदलत नाही. त्यावरून यादीत नवा पत्ता ओळखता येतो. यादीत तो नसेल, तर संगणक तारेने जोडून त्याला तात्पुरता त्याच गल्लीतील मोकळा पत्ता द्यावा, जसे १९२.१६८.५.५०, आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. हे आकडे संगणकात इंग्रजी अंकांतच भरावेत. मग ब्राउझरमध्ये जुनी खूण न दाबता नवा पत्ता, आणि लागत असल्यास पोर्टचा आकडाही, स्वतः लिहावा. कंट्रोलर उघडला की संगणकाची मांडणी पूर्ववत करावी.

काम येथे संपत नाही. वाय-फायच्या यंत्रांना मालकाचा जुनाच पत्ता पाठ असतो. ती त्याच दारावर हाका मारत राहतात आणि कंट्रोलरच्या यादीत ‘संपर्क नाही’ असे दिसते. यावर सोपा मार्ग असा: कंट्रोलर तात्पुरता जुन्या पत्त्यावर परत न्यावा, सोय असल्यास नवा पत्ता यंत्रांना तेथूनच कळवावा, ती शिकल्याची खात्री करावी आणि मगच स्थलांतर करावे. तशी सोय नसल्यास प्रत्येक यंत्रात शिरून नवा पत्ता सांगावा लागतो.

व्यापारी घराण्यांना ही रीत नवी नाही. पेढी हलवायची तर आडत्याला, शेतकऱ्याला, बँकेला आधी कळवले जाते. कुलूप नंतर लागते. जैन आचारातील पाच समितींत आदाननिक्षेपण समिती आहे: वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून ठेवणे. तो नियम मुनींचा असला, तरी त्यातील सावधपणा गृहस्थालाही उपकारक आहे.

पत्ता बदलण्यापूर्वी कंट्रोलरच्या मांडणीची प्रत बॅकअप म्हणून वेगळ्या जागी ठेवावी. राउटरमध्ये कंट्रोलरसाठी एक पत्ता कायम राखून ठेवावा. हे काम सौद्याच्या दिवशी काढू नये. जुना पत्ता, नवा पत्ता आणि तारीख वहीत टिपून ठेवावी. पुष्कळदा सारे ज्ञान घरातील एका तरुणाजवळ किंवा बाहेरच्या कारागिराजवळ असते. तो परगावी गेला की पेढी स्वतःच्याच दाराबाहेर उभी राहते. तिजोरीच्या किल्लीप्रमाणे कंट्रोलरच्या पासवर्डचीही मोहोरबंद प्रत घरातील जबाबदार व्यक्तीकडे असावी.