कडबाकुट्टीची धार उन्हाळ्यात सांभाळा



साखर कारखान्यांचा हंगाम आटोपला की बावडा परिसरातल्या गोठ्यांत उसाचे वाढे येणे थांबते. पुढचे एप्रिल-मे कडब्यावर काढायचे. नीरा-भीमेच्या या पट्ट्यात ऊस वाढला तशी घरची ज्वारी मागे पडली, त्यामुळे पुष्कळांना कडबा विकतच घ्यावा लागतो. तो आख्खा टाकला तर जनावर पाला खाते आणि जाड धाटे पायाखाली तुडवते. म्हणून गोठ्यागोठ्यात विजेची कडबाकुट्टी आली. पण गाईला रोज खरारा करणारा माणूसही या यंत्राकडे ते बंद पडल्याशिवाय पाहत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

उन्हाळ्यात सगळ्यात आधी बिघडते ते पाते. हिरवा मका किंवा वाढे मऊ असतात. वाळलेले धाट कठीण असते आणि त्यावर मातीही असते. कुट्टीचा तुकडा हातात घेऊन पाहा. टोक स्वच्छ कापलेले असेल तर ठीक. चिंध्या लोंबत असतील तर पाते बोथट झाले. बोथट पाते कापत नाही, चावते. मग चारा रुळांत तुंबतो, मोटार घुमते, आणि चारा घालणारी बाई, कारण हे काम बहुधा बाईकडेच असते, पेंढी हाताने आत रेटते. अडकलेली पेंढी एकदम सुटते आणि दातेरी रूळ तिच्यासोबत हातही आत ओढतात. धारेचा प्रश्न केवळ चाऱ्याचा नाही तो यासाठी.

रोज यंत्र चालत असेल तर दर आठवड्याला धार पाहावी. पाती काढण्यापूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवावा आणि मोटारीचा पट्टा उतरवावा. बटण बंद केल्यावरही जड चाक बराच वेळ फिरत राहते. ते पूर्ण थांबल्यावर लाकडाची पाचर लावून अडकवावे आणि मगच पाना लावावा. धार मूळ उताराच्या बाजूनेच लावावी, सपाट बाजूस कानस लावू नये. सहाणेच्या चाकावर पाते एकसारखे दाबून धरू नये, मधूनमधून पाण्यात बुडवावे. पोलाद निळे पडले की पात्याचे पाणी उतरले समजा. मग ती धार चार दिवसही टिकत नाही. दोन्ही पाती सारखीच घासावीत. एक हलके, एक जड झाले की चाक हादरते, बोल्ट सैल होतात. पात्याचा बोल्ट खराब झाला तर तसाच कणखर बोल्ट आणावा. घरातला कुठलाही बोल्ट तेथे बसवणे म्हणजे फिरते पाते उडायला वाट करून देणे होय.

पाती बसवताना पाते व समोरची आडवी पट्टी यांत पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवावी. चाक हाताने सावकाश पूर्ण फिरवून दोन्ही पाती कोठे घासत नाहीत ना हे पाहावे, आणि मगच पट्टा चढवावा. पट्टा मध्यावर अंगठ्याने दाबला असता अर्धा इंच दबावा. त्याला तेल-ग्रीस मुळीच लागू देऊ नये. बेअरिंगला ग्रीस द्यावेच, पण ओघळेल इतके नको. त्यावर कडब्याचा भुसा बसून खरवड तयार होते.

आता विजेकडे वळू. उन्हाळ्यात दाब उतरतो. २३० व्होल्टऐवजी १८० मिळाले तर मोटारीचा सुरू होतानाचा जोर सुमारे ६० टक्क्यांवर येतो. मोटार जास्त करंट ओढते आणि तापते. म्हणून यंत्र नेहमी मोकळे सुरू करावे, वेग आल्यावरच पेंढी घालावी, आणि काम सकाळी उरकावे. मोटारीवर पोते झाकून ठेवायची पद्धत मी पाहतो. चालू मोटारीवर ते नको, आणि तिच्या जाळीतला भुसा रोज झाडावा.

एक गोष्ट कुणी ध्यानात घेत नाही. अर्थिंगचा खड्डा उन्हाने कोरडा पडला की अर्थिंग नीट काम करीत नाही. गोठ्याची जमीन ओली, यंत्र लोखंडी. कोळसा-मीठ घातलेल्या त्या खड्ड्यात मे महिन्यात दोन-तीन दिवसांआड घागरभर पाणी ओतावे.

पेंढी सोडताना बांधलेली तार अथवा प्लॅस्टिकची दोरी काढून बाजूला टांगावी. तारेने पाते तुटते, हे सर्वांना ठाऊक आहे; पण तिचा तुकडा गाईच्या जाळीपोटातून थेट हृदयाकडे घुसू शकतो.

शेतीतील धोकादायक यंत्रांसाठी केंद्राने १९८३ साली कायदा केला, तो मुख्यत्वे मळणी यंत्रे डोळ्यांपुढे ठेवून. कायदा तुमच्या गोठ्यात येऊन पदर खोचणार नाही. चारा घालताना पदर खोचलेला, बांगड्या मागे सरकवलेल्या असाव्यात. उपरणे गळ्यात नसावे. तुंबलेला चारा लाकडी दांडक्यानेच ढकलावा आणि ते दांडके यंत्रालाच दोरीने बांधून ठेवावे, नाहीतर ते चुलीत जाते. वीज रात्रीच येत असेल तर उजेडाशिवाय कुट्टी करू नये. काम झाल्यावर फ्यूज काढून मुलांचा हात पोहोचणार नाही अशा खुंटीवर ठेवावा.