सुरक्षितता : नागरिकांचा हक्क की नेत्याचा प्रसाद?

एल साल्वादोर हे मध्य अमेरिकेतील सुमारे ६० लाख वस्तीचे छोटे राष्ट्र. २०१५ साली तेथे ६ हजारांहून अधिक खून झाले. गरीब वस्त्यांवर टोळ्यांचे राज्य होते. बसचालक, फेरीवाले, किरकोळ दुकानदार यांना हप्ता दिल्यावाचून धंदा करता येत नसे. २०२४ साली, सरकारी आकड्यांनुसार, खुनांची संख्या ११४ वर आली. त्याच वर्षी अध्यक्ष नायिब बुकेले ८० टक्क्यांहून अधिक मतांनी पुन्हा निवडून आले, यात नवल नाही. हप्ता हा गरिबांवरील सर्वांत जुलमी कर होय. तो बंद करणाऱ्यास मत देणाऱ्या जनतेला अडाणी म्हणणे समाजवाद्यांना शोभणार नाही.

तथापि या सुरक्षिततेचा हिशेब पुरता मांडला पाहिजे. मार्च २०२२ मध्ये तीन दिवसांत ८७ जणांची हत्या झाली, तेव्हा ३० दिवसांची आणीबाणी पुकारण्यात आली. पुढे ती वर्षानुवर्षे दर महिन्यास वाढविली गेली आणि तिच्याखाली ८० हजारांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. त्यांपैकी सुमारे ८ हजार निरपराध सोडून दिल्याचे २०२४ साली खुद्द अध्यक्षांनीच सांगितले. पूर्वी टोळ्यांना हप्ता भरणाऱ्या वस्त्यांतीलच ही मुले.

येथे घटनांचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आणीबाणीपूर्वी दहा महिने, मे २०२१ मध्ये, बुकेले यांच्या पक्षाच्या बहुमताने घटनापीठाचे न्यायाधीश व ॲटर्नी जनरल यांना एका रात्रीत दूर केले होते. नव्या न्यायाधीशांनी लागोपाठच्या फेरनिवडणुकीस मोकळीक दिली. जुलै २०२५ मध्ये तर घटनेतील कालमर्यादाच काढून टाकण्यात आली. म्हणजे न्यायालयांचे स्वातंत्र्य ही सुरक्षिततेसाठी मोजलेली किंमत नव्हे. ते आधीच हिरावून घेतले गेले होते.

आणीबाणीत दाद मागण्याचे दार बंद होणे म्हणजे काय, हे आपणही जाणतो. १९७६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांचा तो हक्क नाकारला, न्या. खन्ना एकटेच विरोधात उभे राहिले.

म्हणून 'असाच खमक्या नेता हवा' असे वस्तीत कोणी म्हणाले, तर कार्यकर्त्यांनी उपदेश करू नये. गुंडांच्या बंदोबस्ताची मागणी आपणच पुढे होऊन करावी. सोबत एवढेच विचारावे, की उद्या तुमचा मुलगा चुकून उचलला गेला, तर त्याला सोडविण्यासाठी तुम्ही कोणाकडे जाल?