रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

रात्री आपोआप चालणारा डेटाचा जॉब फेल झाला की फोन येतो, आम्ही उठतो, दुरुस्ती करतो. मला धास्ती वाटते ती फेल न होणाऱ्या जॉबची.

काही वर्षांपूर्वी कर्ज देणाऱ्या एका संस्थेत मी डेटा इंजिनिअर होतो. रोज रात्री शाखाशाखांच्या फाइली यायच्या आणि पहाटेपर्यंत कोणाचा हप्ता आला, कोणाचा थकला याची यादी तयार व्हायची. एका सकाळी स्क्रीनवर सगळं हिरवं होतं. ओळींची संख्याही जुळत होती. तेवढ्यात टीममध्ये नुकत्याच आलेल्या मुलीने विचारलं, "सर, आजचे नवे थकबाकीदार सगळे एकाच शाखेचे कसे?"

फाइल उघडली. त्या शाखेकडून ‘भरलेली रक्कम’ हा रकाना रिकामाच आला होता आणि आमच्या प्रोग्रॅमने प्रत्येक रिकाम्या जागी शून्य घातलं होतं. माहिती आली नव्हती. आम्ही पैसेच आले नाहीत असं धरून चाललो होतो. वेळेवर हप्ता भरणारी माणसं कोडच्या एका ओळीने थकबाकीदार ठरली होती. क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडे, जाणारी फाइल आम्ही तिथेच थांबवली.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ जानेवारी २०२५पासून कर्जफेडीची ही माहिती निदान दर पंधरवड्याला ब्युरोकडे जाते. पूर्वी ती महिन्याने जायची. सुधारणा चांगलीच आहे, कर्ज फेडल्याची नोंद लवकर होते. पण चूकही तितक्याच लवकर पोहोचते. अशा चुकीबद्दलची तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. नाकारलेल्या कर्जापायी एखाद्या शेतकऱ्याची हुकलेली पेरणी मात्र त्या शंभर रुपयांनी भरून येत नाही.

जुन्या पेढीवर रोजमेळ जुळल्याशिवाय दिवस संपत नसे. नुसत्या ओळी मोजल्या म्हणजे ताळा झाला असं नव्हे. शाखेची रक्कम आपल्या रकमेशी, आजचा आकडा कालच्या आकड्याशी पडताळावा लागतो. उत्तर येईपर्यंत रिकामा रकाना रिकामाच ठेवावा लागतो. आणि शंका आली तर कोणाची परवानगी न मागता फाइल थांबवण्याचा अधिकार इंजिनिअरला असावा लागतो. ‘फाइल वेळेत गेली का?’ हे वरिष्ठ रोज विचारतात. ‘बरोबर गेली का?’ हे त्यांनी आधी विचारायला हवं.

वाचकांना एक सांगणं. देशातल्या चारही क्रेडिट माहिती कंपन्यांनी, म्हणजे या ब्युरोंनी, वर्षातून एकदा तुमचा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. तो मागवा, एकेक हप्ता पाहा. भरलेला हप्ता थकलेला दिसला, तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा.