जुन्या मोटारसायकलीस लेगगार्ड बसवावा काय?

शहापूर तालुक्यांतील आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरीं त्याच्या आजोबांची १९६८ सालची बुलेट आहे. गेल्या आषाढांत ती किन्हवलीहून मुरबाडकडे येत असतां एका वळणावर चिखलांत आडवी झाली. वेग बैलगाडीहून फारसा अधिक नव्हता; स्वार गुडघा खरचटण्यावर निभावला. गाडीचा गिअरचा दांडा मात्र वांकला व टाकीस मोठा पोचा पडला. तेव्हांपासून त्या घरांत वाद चालू आहे. मुलगा म्हणतो, लेगगार्ड बसवूं. वडील म्हणतात, आजोबांनीं गाडी आणिली तेव्हां तो नव्हता, आतां लोखंडी कडें लटकवून तिचें रूप कां बिघडवावें? हा वाद आमच्यापुढें आला, म्हणून हे चार शब्द.

वडिलांचा पक्ष अगदींच टाकाऊ नाहीं. मद्रासेस १९५५ सालीं बुलेटची जुळणी करणारा कारखाना निघाला. त्याच्या पहिल्या पिढीच्या गाड्या आतां थोड्याच उरल्या आहेत. केंद्र सरकारनें २०२१ सालीं केलेल्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या वाहनास वेगळी नोंदणी मिळते, आणि सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झाला तर तो मान जातो. परंतु त्याच नियमांप्रमाणें अशी गाडी नित्याच्या कामास वापरतां येत नाहीं. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, इंधन भरणें इतक्याचसाठीं ती रस्त्यावर यावयाची. ज्या घरांतील गाडी दर आठवड्यास मुरबाडच्या बाजारास जाते, त्या घरानें संग्रहालयाचा कायदा कां पुढें करावा, हें आम्हांस कळत नाहीं.

आमचें मत असें कीं, लेगगार्ड बसवावा. परंतु तो कशासाठीं हें आधीं ओळखावें. त्याचें नांवच फसवें आहे. अमेरिकेंत हॅरी हर्ट यांनीं लॉस एंजेलिसच्या परिसरांतील नऊशें मोटारसायकल-अपघातांची प्रत्यक्ष पाहणी केली व १९८१ सालीं तिचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत आढळलें तें हें कीं, अशा दांड्यांमुळें घोटा व पाऊल यांच्या इजा जितक्या घटतात तितक्याच मांडी, गुडघा व नडगी यांच्या वाढतात. म्हणजे मोठ्या आघातांत पायास लाभ नाहीं. लाभ आहे तो चिखलांतल्या मंद पडण्यांत, आणि तोही यंत्राचा. जुन्या बुलेटचा गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. कोणत्याही अंगावर पडली तरी कांहीं तरी वांकावयाचेंच. भातखाचरांच्या कडेनें जाणाऱ्या निसरड्या वाटांवर असें पडणें नवलाचें नाहीं, आणि त्या काळचे सुटे भाग दुकानांत सहज मिळत नाहींत.

मात्र तो वेल्डिंगनें जोडूं नये. इंजिनापुढून खालीं उतरणाऱ्या नळीस, रंग खरवडूं नये म्हणून मध्यें रबर घालून, पट्ट्यांनीं कसावा. काढला असतां मागें खूण राहूं नये. रुंदी हॅंडलपेक्षां अधिक नसावी, नाहीं तर अरुंद वाटेवर समोरच्या पादचाऱ्यासच तो लागेल. सैलही कसूं नये. आपटल्यावर फिरून तो पायावरच येतो.

आणखी एक खोड आम्हीं मुंबई-नाशिक हमरस्त्यावर पाहिली आहे. कित्येक तरुण लेगगार्डवर पाय पसरून, जणूं ओसरीवर बसल्याप्रमाणें, गाडी हांकतात. ज्या गाडीचा ब्रेक पायाखालीं असावयाचा, तिच्यावर पाय ब्रेकपासून हातभर दूर! अशांस लेगगार्ड न दिलेलाच बरा.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं एवढेंच विचारलें कीं, हेल्मेट आहे काय? तो हंसला. म्हणाला, आहे, घरीं खुंटीस टांगलेलें. तेव्हां तें आधीं डोक्यावर चढवावें व मग लेगगार्डचा भाव काढावा, असें आम्हीं त्यास सांगितलें. वडिलांचा होकार अद्याप आलेला नाहीं. गिअरचा दांडा मात्र गांवच्या लोहारानें तापवून सरळ केला आहे.