शेतीचा प्रश्न आणि आपली डिग्री

डॉ. आंबेडकर म्हटलं की आपल्याला राज्यघटना आठवते. पण त्यांनी शेतीच्या अर्थशास्त्रावरही लिहिलंय, हे किती जणांना ठाऊक आहे? बडोद्याच्या स्कॉलरशिपवर ते १९१३ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेले. पुढे लंडनमध्ये संशोधन सुरू केलं, पण स्कॉलरशिप संपली आणि १९१७ मध्ये परत यावं लागलं. १९१८ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला.

तेव्हा चर्चा होती ती तुकडे एकत्र करून शेतं मोठी करण्याची. बाबासाहेबांचं म्हणणं वेगळं होतं. नुसत्या आकारावर शेती परवडत नाही. भांडवल, अवजारं किती आणि राबणारे हात किती, यावर ते ठरतं. दुसरं काम नाही म्हणून सगळे जमिनीवरच अवलंबून राहतात, म्हणून तुकडे पडतात. खरा उपाय म्हणजे उद्योगधंदे वाढवणं.

आता आपल्याच वर्गात बघा. मोहोळ, बार्शी, माढ्याहून आलेल्या कितीतरी जणांच्या आजोबांची जमीन वाटण्या होत होत दोन-तीन एकरांवर आलीय. घरचे म्हणतात, "शिक बाबा, शेतीत काही राहिलं नाही." आपण शिकतो आणि पुण्याची गाडी पकडतो. एकाची सुटका होते, पण मागे राहिलेल्यांचं काय?

कॅम्पसला पॅकेज जरूर विचारा. पण चिंचोळी एमआयडीसीत चार नवी कामं कशी उभी राहतील, हेही कधीतरी विचारा. उपाय अर्थशास्त्रज्ञाने सांगून ठेवलाय, तो करून दाखवणं इंजिनिअरचं काम आहे!